बॅटरी उतरते कां ?

ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे, त्यांच्या घरीं एक वाक्य वर्षांतून दोनचार वेळां तरी हटकून ऐकूं येतें : "बॅटरी पुन्हां उतरली !" त्यावर घरांतील कोणी वडीलधारें माणूस म्हणतें, "मग नवी आणा." नवी बॅटरी येते, गाडी आठपंधरा दिवस झोकांत धांवते, आणि एके दिवशीं सकाळीं स्टार्टरची मूठ ओढावी तों आंतून नुसता 'टक्' असा आवाज येऊन सारें शांत होतें. बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच. शिवाय ती विकणाऱ्या दुकानदाराविषयीं मनांत कायमची अढी बसते.

आज मला आपणांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, बॅटरी उतरणें हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. अंथरूण बदलल्यानें ताप उतरत नाहीं; तो कशानें आला हें पाहावें लागतें. मोटारीच्या बाबतींत मात्र भलीं शहाणीं माणसेंहि आधीं वस्तू बदलतात, आणि ती बदलूनहि गुण आला नाहीं म्हणजे मग विचार करूं लागतात. मीहि त्यांतलाच एक होतों. म्हणून शास्त्राकडे वळण्यापूर्वीं माझी स्वतःची एक फजितीची हकीकत सांगतों.

माझ्या वडिलांची एक मॉरिस मायनर मोटार होती. १९४८ सालीं इंग्लंडांत प्रथम बाहेर पडलेली ही लहानशी, गोलमटोल गाडी आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिली असेल. वडिलांच्या मागें ती माझ्याकडे आली. एका पावसाळ्यांत तिची बॅटरी वारंवार उतरूं लागली. मीं नवी बॅटरी आणली, तीहि उतरली. तेव्हां वीज उत्पन्न करणारा डायनामोच बिघडला असला पाहिजे असें ठरवून मीं तो काढला, पिशवींत घातला, आणि वडिलांच्या वेळेपासून आमचें काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेऊन नव्यानें भरून द्यावयास सांगितलें. "गाडी कोठें आहे ?" त्यांनीं विचारलें. "गाडीची गरज नाहीं, दोष यांतच आहे," मीं उत्तर दिलें. त्यांनीं एकवार माझ्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां डायनामो ठेवून घेतला. चार दिवसांनीं तो भरून मिळाला.

त्यानंतर पंधरवड्यानें आईला घेऊन मी रात्रीं मुंबईहून पुण्यास निघालों. जुन्या रस्त्यानें खोपोली मागें टाकून बोरघाट चढूं लागलों तेव्हां पाऊस कोसळत होता. दिवे चालू, कांच पुसणारा वायपर चालू, गाडी दुसऱ्या गिअरमध्यें. अर्ध्या चढावर समोरच्या फळीवरील तांबडा दिवा मिणमिणूं लागला. वायपर मंदावला. पुढचे दोन्ही दिवे प्रथम पिवळे पडले, मग समईच्या ज्योतीएवढे झाले. शिवाय इंजिनांतून वाफेचा वास येऊं लागला. भर पावसांत इंजिन कां तापावें, हा प्रश्न त्या वेळीं मला सुचला नाहीं; सुचावयास हवा होता. एका वळणावर वरून मालाची लॉरी उतरत आली. तिच्या चालकास आमची गाडी शेवटच्या क्षणीं दिसली असावी. तो कसाबसा बाजूनें निघून गेला. मीं गाडी डोंगराच्या अंगास घेतली, तोंच इंजिन बंद पडलें. उजाडेपर्यंत आम्ही दोघें तेथेंच बसून होतों. आई एक शब्द बोलली नाहीं. ती मागल्या बांकावर हातांत जपमाळ धरून होती एवढें मात्र मला आरशांतून दिसत होतें.

दुसऱ्या दिवशीं गाडी ओढून आणवून मी तडक मिस्त्रींकडे गेलों आणि नको तें बोललों. तांब्याऐवजीं भलतेंच कांहीं डायनामोंत भरलेंत काय, इथपर्यंत माझी मजल गेली. त्या वृद्ध गृहस्थांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं बॉनेट उघडलें, विजेरी घेतली, पंख्याचा पट्टा बाजूला सारला, आणि डायनामोच्या पुलीच्या खाचेंत बोट फिरवून म्हणाले, "साहेब, येथें पाहा." खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता. "पट्टा ताणलेला आहे, पण धरीत नाहीं."

त्या एका वाक्यांत सारा उलगडा होता. हा पट्टा पाचरीच्या आकाराचा असतो. त्यानें पुलीला धरावयाचें तें खाचेच्या दोन्ही बाजूंनीं. खाचेच्या तळाला त्यानें शिवावयाचेंच नसतें. पट्टा झिजून अरुंद झाला म्हणजे तो खालीं बसतो आणि तळावरून घसरूं लागतो. अंगठ्यानें दाबून पाहिलें तर तो ताठ लागतो, म्हणून मला संशय आला नाहीं. दिवसा डायनामोवर भार कमी, तेव्हां तें कसें तरी निभत असे. रात्रीं दिवे आणि वायपर यांचा भार पडला कीं डायनामो फिरविणें जड जाई आणि पट्टा घसरे. तोच पट्टा पंखा आणि पाण्याचा पंप फिरवितो; म्हणून त्याच वेळीं इंजिनहि तापे. विजेचें एक दुखणें आणि पाण्याचें दुसरें, असें मी समजत होतों. दोन्हींचें मूळ एकच होतें, आणि तें साऱ्या गाडींतील अत्यंत स्वस्त वस्तूंपैकीं एक होतें. डायनामो एकटा पिशवींत घालून नेला, तेव्हां पट्टा आणि पुलीशीं त्याची जोडी मीं मिस्त्रींच्या डोळ्यांआड ठेविली होती. मग दोष त्यांना कसा दिसावा?

आतां आपण हें यंत्र काय करतें तें पाहूं. रेडिओवर आकृती काढून दाखवितां येत नाहीं. ती आपण मनानेंच काढावयाची. तीन वस्तू डोळ्यांपुढें आणा. पहिली बॅटरी, ती विजेची कोठी. दुसरा डायनामो, तो ही कोठी भरणारा. तिसरी एक लहानशी काळी पेटी, जिला आपल्याकडील गॅरेजांत सरसकट 'कट-आउट' म्हणतात. ती कोठीवरील कारकून. किती माल आंत घ्यावा, केव्हां घ्यावा, आणि दार केव्हां लावावें, हें ही पेटी ठरविते. मी येथें ज्याविषयीं बोलत आहें ती रचना ल्युकस पद्धतीची आहे. मॉरिस मायनर आणि तिच्या काळच्या पुष्कळशा ब्रिटिश गाड्यांत ती आढळते. इतर गाड्यांत टोकांचीं नांवें व आंकडे निराळे असतात, पण तत्त्व हेंच.

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. फिरत्या वेटोळ्यांत चुंबकाच्या योगानें वीज उत्पन्न होते हें तत्त्व फॅरडेनें त्यापूर्वींच, १८३१ सालीं, दाखविलें होतें. परंतु मोठा, बलवान् चुंबक आणावयाचा कोठून ? १८६७ सालीं जर्मनींत सीमेन्स आणि इंग्लंडांत व्हीटस्टन यांनीं जी युक्ति पुढें मांडली, तीच आजहि आपल्या डायनामोंत आहे. डायनामोंतील लोखंडांत मागल्या वेळचें थोडेंसें चुंबकत्व शिल्लक असतें. फिरूं लागतांच त्याच्या जोरावर किंचित् वीज निघते. ती वीज त्याच लोखंडाभोंवतालच्या वेटोळ्यांत फिरवून चुंबक अधिक बलवान् केला जातो. त्यानें आणखी वीज निघते. घरांतील गृहिणींस हें अधिक समजावून सांगावयास नको : हें विरजण आहे. चमचाभर दही असेल तर पातेलेंभर दूध लागतें. तेवढें नसेल तर रात्रभर ठेवूनहि कांहीं होत नाहीं. दीर्घकाळ पडून राहिलेला किंवा खोलून पुन्हां जोडलेला डायनामो सर्व अवयव धड असूनहि वीज देत नाहीं, तेव्हां पुष्कळदां त्यांतील विरजण संपलेलें असतें. त्यावरील उपाय पुढें सांगतों.

मोटारींत बॅटरीला खरें महत्त्व आलें तें १९१२ पासून, कारण त्या वर्षीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसविण्यांत आला आणि हँडल मारण्याचे कष्ट सरले. त्या दिवसापासून कोठी रिकामी तर गाडी जागच्या जागीं, असा न्याय झाला.

आतां जमाखर्च पाहूं. मायनरसारख्या गाडीचा डायनामो फार तर १९ ते २२ अँपियर वीज देतो. पुढचे दोन दिवे, बाजूचे व मागचे दिवे आणि इंजिनांतील ठिणगी एवढ्यांचा खर्च सुमारें १२ अँपियर होतो. वायपर लावला कीं त्यांत आणखी भर. म्हणजे गाडी वेगांत असतां शिल्लक राहते, पण ती फार नाहीं. आणि डायनामोची एक खोड ध्यानांत ठेविली पाहिजे : इंजिन मंद चालत असतां तो जवळजवळ कांहींच देत नाहीं. आजच्या शहरांतील रहदारींत संध्याकाळीं दिवे लावून तासभर रांगत राहिलें, तर तो सारा खर्च बॅटरींतून जातो. त्यांत मालकानें हौसेनें मूळच्या दिव्यांपेक्षां जबर हॅलोजन दिवे आणि मोबाइल भरण्याची सोय बसविली असेल तर बोलावयासच नको. अशा गाडींत दोष नसतो. मिळकतीपेक्षां खर्च अधिक असतो. नव्या गाड्यांत डायनामोच्या जागीं अल्टरनेटर आला तो इतर कारणांबरोबर याहि कारणासाठीं, कीं तो मंद गतींतहि वीज देतो.

दोषाची चाहूल प्रथम देतो तो समोरचा लहानसा तांबडा दिवा. पुष्कळांस वाटतें कीं, तो बॅटरी भरत नसल्याचें सांगतो. खरें पाहतां तो तराजूचा कांटा आहे. त्याच्या एका बाजूस बॅटरीचा दाब, दुसऱ्या बाजूस डायनामोचा. दोन्ही पारडीं समान झालीं कीं तो विझतो. त्याचीं बोलणीं ओळखावयास शिकलें पाहिजे. किल्ली फिरविल्यावर तो मुळींच लागला नाहीं, तर त्याचा बल्ब तरी गेला आहे किंवा डायनामोपर्यंतची वाट कोठें तरी तुटली आहे. इंजिन वेगांत आलें तरी तो तसाच तेजस्वी राहिला, तर डायनामो वीज देत नाहीं. तो आधीं विझला, पण वेग वाढवितांच पुन्हां मंद पेटूं लागला, तर डायनामो वीज देत आहे, परंतु ती बॅटरीपर्यंत पोंचत नाहीं. मंद गतींत तो किंचित् लुकलुकला, तर चिंता नको. आणि किल्ली बंद करूनहि तो पेटलेलाच राहिला, तर मात्र सर्व सोडून आधीं बॅटरीची तार काढा. कारण पेटींतील दार चिकटून राहिलें आहे, बॅटरी उलट डायनामोंत रिकामी होत आहे, आणि तारा तापून आग लागण्याचें भय आहे.

एक इशारा येथेंच देतों. हा दिवा विझला म्हणजे सर्व कांहीं ठीक आहे असें नव्हे. दोन पारडीं समान आहेत एवढेंच तो सांगतो. कोठींत माल किती पडतो हें सांगत नाहीं. त्यासाठीं व्होल्टमीटर हवा, आणि तो हल्लीं घरगुती उपकरणांच्या कोणत्याहि दुकानांत थोडक्या पैशांत मिळतो.

आतां तपासणीचा क्रम. तो मोडूं नये, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

पहिली पायरी बॅटरीची. ती बाहेरून पूर्ण भरून घ्या, रात्रभर तशीच ठेवा, आणि सकाळीं दाब मोजा. धड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२ च्याहि खालीं उतरली असेल तर ती स्वतःच गेली आहे, किंवा गाडी बंद असतांहि कोठें तरी वीज झिरपत आहे. कोणतें खरें तें ओळखण्यासाठीं पुन्हां भरून, तिची तार काढून एक रात्र ठेवावी. सुटी असतांहि उतरली तर दोष तिचा, न उतरली तर गाडीचा. जुन्या पद्धतीच्या बॅटरींत झांकणें काढून पाण्याची पातळीहि पाहावी आणि उणें असेल तेथें ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, नळाचें नव्हे. भरत असलेल्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो आणि तो ठिणगीनें स्फोट पावतो, म्हणून जवळ विडी, काडी कांहीं नको.

दुसरी पायरी पट्ट्याची. दोन पुलींमधील सर्वांत लांब भागावर मध्यें अंगठ्यानें दाबल्यास पट्टा सुमारें अर्धा इंच हलावा. याहून ढिला असेल तर घसरेल. याहून ताठ असेल तर डायनामोचें बेअरिंग खाईल. पण माझ्यासारखें एवढ्यावरच थांबूं नका. पट्ट्याच्या बाजू कांचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत काय आणि पुलीचा तळ चकाकतो काय, हेंहि पाहा. हें सर्व इंजिन बंद ठेवून करावयाचें; आणि पुढील पायऱ्यांत इंजिन चालू असेल तेव्हां पदर, उपरणें, टाय हीं पंख्यापासून दूर ठेवावयाचीं.

तिसरी पायरी सांध्यांची. विजेला जाण्याची जशी वाट लागते, तशीच परतण्याचीहि लागते. मोटारींत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. यालाच 'अर्थ' म्हणतात. बॅटरीचीं टोकें, इंजिनापासून सांगाड्यापर्यंतची जाड पट्टी, आणि काळ्या पेटीचा अर्थ, हे तीन सांधे काढून, गंज, रंग, पांढरी बुरशी खरवडून, पुन्हां घट्ट बसवा. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेंत हे सांधे लवकर कुजतात. आणि गाडीला नवा रंग दिल्यावर जे गूढ दोष उद्भवतात, त्यांचें मूळ पुष्कळदां स्क्रूखालीं गेलेल्या रंगांत असतें. इंजिनाची पट्टी वाईट असेल तर एक विलक्षण खूण दिसते : स्टार्टर लावतांना चोकची तार तापते, क्वचित् धुमसते, कारण परतीची मोठी वाट बंद असल्यामुळें वीज त्या नाजूक तारेंतून परत जाऊं पाहते.

चौथी पायरी खुद्द डायनामोची. याच्या पाठीवर दोन टोकें असतात. मोठें 'डी' आणि लहान 'एफ'. दोहोंवरील तारा काढा आणि दोन्ही टोकें एका लहान तारेनें एकमेकांस जोडा. व्होल्टमीटरची एक तार या जोडावर आणि दुसरी डायनामोच्या अंगावर लावा. इंजिन मंद चालू करून वेग हळूहळू मिनिटास हजार फेऱ्यांपर्यंत वाढवा. मीटरचा आंकडा झपाट्यानें व न डगमगतां चढला पाहिजे. तो २० व्होल्टपर्यंत जाऊं देऊं नका, कारण या स्थितींत त्यास आवरणारें कोणी नाहीं. आंकडा चढला म्हणजे डायनामो निर्दोष. तो काढण्याचें, भरण्याचें, बदलण्याचें कारण नाहीं. ही पांच मिनिटांची परीक्षा मीं घेतली असती, तर मिस्त्रींकडे पिशवी घेऊन गेलोंच नसतों.

आंकडा मुळींच आला नाहीं, तर आधीं आंतील कार्बनचे ब्रश पाहा. ते झिजून पाव इंचाच्या आसपास आले असतील तर बदलावे, आणि आपल्या घरांत अडकत असतील तर पुसून मोकळे करावे. ज्या तांब्याच्या गोल भागावर ते टेकतात तो कम्युटेटर पेट्रोलमध्यें भिजविलेल्या फडक्यानें पुसावा, फारच मळला असेल तर बारीक कांच-कागद वापरावा. एमरीचा कागद मात्र नको, कारण त्याचे कण तांब्यांत रुततात. आंकडा एक व्होल्टच्या आंतच घुटमळला, तर चुंबकाचें वेटोळें बिघडलें असावें, नाहीं तर विरजण गेलें असावें. चार-पांच व्होल्टवर अडला, तर फिरत्या भागाच्या, म्हणजे आर्मेचरच्या, तारांचा संशय घ्यावा. त्यापुढील काम जाणत्या हातांचें.

विरजण लावण्याची रीत अशी. इंजिन बंद ठेवून डायनामोच्या दोन्ही तारा सुट्या कराव्या, आणि बॅटरीच्या ज्या टोकास सांगाडा जोडलेला नाहीं त्या टोकापासून आणलेली तार लहान 'एफ' टोकास एकदोनदां क्षणभर टेकवावी. बारीकशी ठिणगी पडेल, काम झालें. तारा जोडलेल्या असतां हें करूं नये, नाहीं तर पेटीस इजा होईल. येथें एक गोष्ट विसरूं नका : पुष्कळशा जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असतें, आजच्याप्रमाणें ऋण नव्हे. बॅटरी उलटी बसविली, तर त्या गाडींत बसविलेलीं आधुनिक उपकरणें क्षणांत जळतात. आणि ही रीत, तशीच दोन टोकें जोडण्याची परीक्षा, फक्त डायनामोसाठीं आहे. अल्टरनेटरवर तिचा प्रयोग कदापि करूं नये.

पांचवी पायरी तारांची. डायनामोच्या तारा पुन्हां जागीं लावा, पेटीकडील त्यांचीं दोन टोकें काढून एकमेकांस जोडा, आणि तीच परीक्षा तेथें घ्या. डायनामोवर आंकडा येतो आणि येथें येत नाहीं, तर दोष मधल्या तारेंत. उंदरांनीं कुरतडलेली तार मीं अशीच एकदां पकडली आहे.

या पांच पायऱ्या चढूनहि दोष सांपडला नाहीं, तरच काळ्या पेटीकडे वळावें. तिच्यांत दोन लोहचुंबक असतात. एक दार उघडतो व लावतो. डायनामोचा दाब सुमारें १३ व्होल्ट झाला कीं तो बॅटरीशीं सांधा जुळवितो आणि इंजिन मंदावतांच तोडतो. दुसरा नियामक; तो चुंबकाच्या वेटोळ्यांतील वीज क्षणोक्षणीं कमीजास्त करून दाब आवरतो. बॅटरी सुटी करून, म्हणजे पेटीवरील 'ए' आणि 'ए-वन' या तारा काढून एकमेकांस जोडून, 'डी' व 'ई' यांमध्यें मोजलें असतां, ल्युकसच्या आर. बी. १०६/२ या पेटींत २० अंश सेंटिग्रेड उष्णतामानांत १६ ते १६.६ व्होल्ट यावे. हवा अधिक उष्ण असेल तर किंचित् कमी. हा आंकडा बॅटरीच्या दाबाहून मोठा दिसतो तो भार नसल्यामुळें. भार जोडतांच तो खालीं येतो. याचे स्क्रू हौसेनें फिरवूं नयेत. पेटी आपोआप बिघडते त्याहून अधिक वेळां ती बिघडविली जाते.

उलट प्रकारचा दोषहि असतो. बॅटरीचें पाणी वरचेवर आटतें, बल्ब पटापट जातात, तेव्हां कोठी रिकामी राहत नसून फुटेस्तोंवर भरत असते. अशा वेळीं प्रथम पेटीचा अर्थाचा सांधा पाहा. तो ढिला झाला कीं कारकुनास दाबाचा खरा अंदाज लागत नाहीं आणि तो माल घेतच सुटतो.

सर्व दुरुस्त झाल्यावर अखेरची परीक्षा : इंजिन चांगल्या वेगांत, दिवे लावलेले, आणि मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर. १३ व्होल्टहून अधिक आंकडा स्थिर राहिला, तर रात्रीच्या घाटास खुशाल निघावें.

श्रोतेहो, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं गेल्या. अँबॅसडरचा कारखाना २०१४ सालींच थांबला. अशा गाड्या आतां घरोघरच्या आठवणी म्हणून उरल्या आहेत. त्या जगवावयाच्या तर सुटे भाग एकवेळ मिळतील; पण खाचेंत बोट फिरवून दोष सांगणारे हात दिवसेंदिवस विरळ होत आहेत. म्हणून मालकानेंच थोडें पाहावयास शिकलें पाहिजे.

त्या दिवशीं नवा पट्टा आणि पुली बसवून झाल्यावर मीं मिस्त्रींची क्षमा मागितली. पैसे घेतांना त्यांनीं डायनामो भरल्याची मजुरी मोजून माझ्या हातीं परत ठेविली. "तो चांगला होता, साहेब. तुम्ही ऐकावयास तयार नव्हतां," ते म्हणाले. मीं ती रक्कम घेतली नाहीं, हें सांगावयास नकोच. निघतांना ते एवढेंच बोलले : "पुढल्या वेळीं आधीं पाहा, मग बोला."

त्यानंतर माझ्या गाडीची बॅटरी कधीं उतरली नाहीं असें नाहीं. पण न पाहतां मीं काहीं बदललें नाहीं, आणि न पाहतां कोणास बोललोंहि नाहीं. आपणांसहि माझें सांगणें तेंच आहे.